पंगतीत पहिल्यांदाच बसताय? मग एवढं माहीत करून घ्या

हल्ली लग्न म्हटलं की बुफे. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात मोबाईल, उभ्याउभ्या चार घास आणि निघालो. त्यामुळे पंचविशीतिशीतल्या कितीतरी जणांवर पंगतीत बसून जेवायची वेळच आलेली नसते, आणि मग गावाकडच्या मुंजीचं, वास्तुशांतीचं नाहीतर भंडाऱ्याचं आमंत्रण आलं की टेन्शन येतं, कुठं बसायचं, कधी सुरू करायचं, नको कसं म्हणायचं, उठायचं कधी. दुसऱ्या राज्यातून आलेल्या सुना-जावयांना तर जास्तच, कारण त्यांच्याकडे अख्खा मांडव बघत असतो. यात अवघड असं काही नाही, एकदा समजून घेतलं की जमतं. मला ही पद्धत मनापासून आवडते आणि ती टिकावी असंही वाटतं, कारण पाहुण्याला बसवून, त्याच्यापुढं पान मांडून, वाकून वाढण्यात जो मान आहे तो काउंटरपुढं रांग लावून मिळत नाही. पण तिच्यातल्या काही गोष्टी टाकून दिल्या ते फार बरं झालं, त्याही सांगणार आहे.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पंगत एकत्र सुरू होते, एकत्र उठते, आणि पंगतीतल्या प्रत्येकाच्या पानात तेच पडतं जे शेजारच्याच्या पानात पडलंय. बाकीचे बहुतेक नियम यातूनच निघतात, त्यामुळे एखादा नियम विसरलात तरी एवढं लक्षात ठेवून वागलात तर चुकणार नाही.

पायरी १. बसण्याआधी

"पानं घेतलीत, चला" अशी हाक आली की हात-पाय धुऊन यायचं. आपणहून आधी जाऊन बसू नका, घरचं कोणीतरी "बसा हो" म्हणतं तेव्हा बसा. पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं, लहान मुलं, शुगरवाले, ज्यांना लांब जायचंय ते, आणि घरचे सगळ्यात शेवटी. तुम्ही तरुण असाल, भूक आवरत असेल तर "आम्ही दुसऱ्या पंगतीला बसतो काका" म्हणा, यजमानाचं ओझं तेवढंच कमी होतं आणि तुम्हाला वाढायला हात लावता येतो, ते पुढं येईलच.

चपला बाहेर. जमिनीवर पाट असतील नाहीतर लांबच लांब सतरंजी. गुडघे दुखत असतील तर न लाजता सांगा, आता बहुतेक कार्यालयात टेबल-खुर्चीवरही पंगत बसते आणि गावातही चार खुर्च्या बाजूला ठेवलेल्या असतात. बसताना पंगत सलग भरत न्यायची, मधे दोन पानं मित्रासाठी धरून ठेवायची नाहीत. आणि कोणाचंही पान ओलांडून जायचं नाही, कितीही घाई असली तरी, मागून वळसा घालून जायचं. हा नियम लोक खरंच मनाला लावून घेतात. ताटाभोवती रांगोळी काढलेली असेल तर पाय जपा, कोणीतरी पहाटे उठून काढलेली असते ती.

केळीचं पान असेल तर निमुळतं टोक तुमच्या डाव्या हाताला. त्यावर थोडं पाणी शिंपडून हातानं पुसून घ्या. पत्रावळ असेल तर ती पळसाच्या नाहीतर वडाच्या पानांची, चोयांनी टाचलेली, आता मशीनवर दाबलेल्या जास्त मिळतात. पूर्वी कोकणात, देशावर पत्रावळ लावता येणं हे घरातल्या प्रत्येक पोराला यायलाच हवं असं काम होतं, साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त त्यावर अख्खी एक रात्र, म्हणजे प्रकरण, आहे. पत्रावळीत एकच अडचण, पातळ पदार्थ द्रोणात येतो आणि द्रोण कलंडतो, म्हणून तो हाताशी, पत्रावळीच्या कडेला टेकवून ठेवा आणि जेवण सुरू झालं की आमटी अर्धी पिऊन टाका.

पायरी २. पानात कुठं काय असतं

पान वाढायला सुरुवात मिठानं. वर, मधोमध, चिमूटभर. मग डावी बाजू, म्हणजे मिठाच्या डावीकडून खाली येत येत लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पंचामृत, आणि खाली पापड, कुरडई, भजी. उजवी बाजू म्हणजे भाज्या, बटाट्याची सुकी, अळूचं फदफदं, डाळिंबी उसळ, वाटीत आमटी. मधोमध, तुमच्या अगदी पुढ्यात, भाताची मूद. गोडाचं प्रत्येक घरी थोडं इकडंतिकडं, पण बहुतेक उजव्या अंगाला.

हे असं का, तर जेवतो आपण उजव्या हातानं. जे भरपूर खायचं ते त्या हाताखाली, आणि जे नुसतं तोंडी लावायचं ते पलीकडं. म्हणून डावीकडचं चमचाभरच वाढतात, कमी वाढलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका आणि सुरुवातीलाच चटणी संपवून परत मागू नका, ती शेवटच्या भातापर्यंत पुरवायची असते. वाढणाऱ्यालाही याचा फायदा होतो, चाळीस पानं एका ओळीत असली तरी कोशिंबीरवाल्याला प्रत्येक पानात कुठं हात न्यायचा ते बघावं लागत नाही.

ही मांडणी आणि हा क्रम किती जुना असेल? बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमाराला, कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात राजानं कसं जेवावं यावर भलामोठा भाग आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच, बिदर जिल्ह्यात. तिथं राजाचं जेवण सुरू होतं भात, मुगाची डाळ आणि तुपानं, मधे गोड खीर, आणि शेवट दही-ताकानं. म्हणजे आज एखाद्या कार्यालयात आपण वरण-भात-तुपावर सुरू करून ताकभातावर संपवतो ती चाल जवळजवळ नऊशे वर्षं चालत आलेली आहे. त्या राजाच्या पानात मांसाचेही कितीतरी प्रकार होते ही वेगळी गोष्ट. आणि बटाट्याची भाजी, मिरचीचा ठेचा त्यात असणं शक्यच नव्हतं, बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या मागून आपल्याकडं आलेली. तेव्हा कोणी "हे सगळं अनादी काळापासून असंच" म्हणालं तर मान डोलवा, पण पदार्थ बदलत आलेत आणि पुढंही बदलतील हे माहीत असू द्या.

पायरी ३. थांबा

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त चूक इथं होते. पान भरत असतं, भजी गरम असतात, भूक लागलेली असते आणि हात आपोआप जातो. नाही. पान पूर्ण वाढून होईपर्यंत काहीही उचलायचं नाही, पापडाचा तुकडासुद्धा नाही.

सुरुवातीची खूण म्हणजे तूप. भाताची मूद वाटीनं पाडलेली असते, तिच्यावर वरण येतं, पिवळंधमक, घट्टसर, आणि मग सगळ्यांच्या शेवटी तुपाचं भांडं घेऊन घरातलंच कोणीतरी, बहुतेक आजी किंवा मोठी काकू, पंगतीच्या एका टोकापासून निघते. हे काम सहसा कॅटररच्या पोरांकडे देत नाहीत. प्रत्येक मुदीवर चमचाभर तूप, पुढच्या पानाकडं सरकायचं. याला अन्नशुद्धी म्हणतात. ती शेवटच्या पानापर्यंत पोचली की यजमान हात जोडून म्हणतो, "सावकाश होऊ द्या" आणि मग श्लोक.

श्लोक म्हणजे 'वदनी कवळ घेता', समर्थ रामदासांचा म्हणून म्हणतात तो, शाळेत डबा उघडण्याआधी म्हणायला लावतात तोच, त्यामुळे तुम्हाला येत असण्याची शक्यता बरीच आहे. नसेल येत तर शांत बसून ऐका, कोणी काही म्हणत नाही. पूर्वी जेवताना मधेच लहान पोरांना श्लोक म्हणायला उभं करायचे, एकाचा झाला की दुसऱ्याचा, काही घरांत अजून करतात, आणि पोरगं अडखळलं तर अख्खी पंगत त्याला ओळ सुचवते, मला ते फार गोड वाटतं. वारकऱ्यांच्या दिंडीत पंगत बसली की विठ्ठलाचा गजर होतो, कुठं 'पार्वतीपते हर हर महादेव'.

काही वडीलधारी माणसं ताटाभोवती पाणी फिरवून पानाच्या उजव्या बाजूला भाताची चार-पाच शितं ठेवतात, त्या चित्राहुती. तुम्ही ठेवल्याच पाहिजेत असं नाही, पण शेजारचे आजोबा ठेवत असतील तर तेवढा वेळ थांबा, त्यांच्या आधी घास तोंडात घालू नका.

पायरी ४. जेवणाची चाल, म्हणजे तीन भात

पहिला भात, मधला भात, शेवटचा भात. एवढं कळलं की अख्खं जेवण कळलं.

पहिला भात वरण-तूप-लिंबाचा. तो आधी संपवायचा, पोळी किंवा पुरी त्यानंतर येते. नवीन माणूस काय करतो, भात बाजूला सारतो आणि पोळीची वाट बघत बसतो कारण त्याच्याकडे आधी रोटी मग राईस, आणि मग वाढपी पोळीची परात घेऊन येतो तर पानात जागाच नाही. मग भाज्या, उसळ, पुरी आणि गोड, जिलबी, श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी जे असेल ते. गोड शेवटी डेझर्ट म्हणून खायचं नाही, जेवणाच्या मधेच खायचं, श्रीखंडपुरीबरोबर बटाट्याची भाजी, पुरणपोळीवर तूप नाहीतर दूध आणि मधेमधे कटाच्या आमटीचा भुरका. हो, भुरका मारायला पूर्ण परवानगी आहे. आमटी, कढी, सार, मठ्ठा हे भुरकूनच प्यायचे पदार्थ आहेत, आवाज झाला म्हणून कोणी वळून बघणार नाही.

मधला भात बहुतेक मसालेभात, वर ओलं खोबरं-कोथिंबीर, आणि परत तूप. शेवटचा भात ताकाचा किंवा दह्याचा, अगदी दोन घासांचा. ताकभात आला म्हणजे जेवण संपत आलं, त्यानंतर पुरी मागू नका, वाढपी बिचारा आत गेलेला असतो.

हातानं जेवणं जमत नसेल तर चमचा मागा, देतात. पण जमवून बघाच एकदा. बोटांची पहिली दोन पेरंच भरू द्यायची, घास अंगठ्यानं पुढं ढकलायचा, तळहात कोरडा. हे वरण-भाताच्या पंगतीचं. कोल्हापूर-सांगलीकडं जत्रेच्या मटणाच्या पंगतीला बसलात तर हा नियम विसरा, तिथं भाकरी रश्श्यात कुस्करून, हात चांगला मनगटापर्यंत घालून कालवायची, तांबडा-पांढरा वाटीनं प्यायचा, आणि जो दोन बोटांनी नाजूकपणे खातो त्याच्याकडेच लोक काळजीनं बघतात, "पाव्हणं, जेवा की, लाजताय व्हय?" खानदेशात वरण-बट्टीची पंगत असेल तर बट्टी हातानं चुरायची, त्यावर वरण आणि सढळ तूप, बरोबर घोटलेल्या वांग्याची भाजी. मराठवाड्यात, विदर्भात गावजेवणाला बुंदी आणि वांग्याची रस्सा भाजी. तेव्हा जिथं बसलात तिथल्या शेजाऱ्याचा हात बघा आणि तसं करा, हे सगळ्यात सोपं.

उष्ट्या-खरकट्याचं तेवढं पाळा. जेवता हात हा खरकटा हात, त्यानं वाढायच्या डावाला, भाजीच्या भांड्याला, मिठाच्या वाटीला हात लावायचा नाही. पाण्याचं भांडं डाव्या हातानं उचललं तर चालतं, त्याला कोणी वाईट म्हणत नाही, उलट भांडं तेलकट होत नाही. आणि आपल्या पानातलं उचलून दुसऱ्याच्या पानात टाकू नका, प्रेमानंसुद्धा. नवरा-बायको आणि आई-लेकरं यांना सूट. मुंजीत तर मुलगा आईबरोबर एका ताटात जेवतो, मातृभोजन म्हणतात, तेव्हा समोरची निम्मी माणसं डोळे पुसत असतात.

पायरी ५. आग्रह कसा झेलायचा

आग्रह हा भांडण्याचा विषय नाही, आणि घाबरायचाही नाही. वाढणारा तीनदा विचारणार हे गृहीत धरा. पहिल्यांदा आला तेव्हाच पोटभर घेऊ नका, निम्मी भूक राखून घ्या, म्हणजे दुसऱ्या फेरीला "अगदी अर्धी" म्हणून घेता येते आणि वाढणाऱ्याचंही मन राहतं. खरंच नको असेल तेव्हा दोन्ही हात पानावर आडवे धरून थोडं पुढं वाका आणि तोंडानं सांगा, "नको मावशी, खरंच पोट भरलं, फार छान झालंय". नुसती मान हलवली तर त्याचा अर्थ "थोडं वाढा" असा घेतला जातो. आणि हात अर्धवट धरलात तर बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडते, हे काम वर्षानुवर्षं केलेले वाढपी आहेत.

जावई असाल तर तुमच्यावर जास्त जोर असणार. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देणाऱ्या लोकांशी गाठ आहे. इथं एक गोष्ट उपयोगी पडते, आवडीचा एक पदार्थ मन लावून, मागून खा, बाकीचे थोडे थोडे घ्या. "जावईबापूंनी मसालेभात मागून घेतला" एवढ्यावर सासूबाई वर्षभर खूश असतात.

आग्रह करणाऱ्यांनाही सांगणं आहे, शुगर, बीपी, पथ्य असं कोणी म्हणालं की दुसऱ्यांदा विचारू नये. पूर्वी पैजा लावून जिलब्या खायचे, त्याच्या गोष्टी ऐकायला मजा येते पण त्या काळात माणसं चालतही तेवढीच होती. आणि पानात टाकलेलं अन्न बघून आचाऱ्याला काय वाटत असेल ते विचार करा. मी तर म्हणेन की घेतलेलं संपवणं हा एकच नियम कडक ठेवा, बाकी सगळे थोडे सैल झाले तरी चालतील.

लग्नाच्या पंगतीत आणखी एक गोष्ट येते, उखाणा. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात, आणि नाव घेतल्याशिवाय घास नाही. नवरी दुसऱ्या भाषेतली असेल तर आधी दोन ओळींचं सोपं नाव पाठ करून ठेवा, यमक जुळलं नाही तरी टाळ्या पडतात. विहिणींची पंगत असली तर ती सगळ्यात सजवलेली, रांगोळ्या, समया, चांदीची ताटं, आणि जुन्या बायका विहिणीवर गाणी म्हणतात, त्यात टोमणेही असतात आणि ते हसून घ्यायचे असतात. आता ही गाणी येणाऱ्या बायका कमी होत चालल्यात, तुमच्या घरी कोणी असेल तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, प्लीज.

पायरी ६. वाढायला उभं राहिलात तर

खरं शिक्षण इथं होतं. दोन पंगती वाढल्या की बसण्याचे सगळे नियम आपोआप कळतात.

ओढणी, पदर, मोकळे केस आवरून घ्या. सुरुवातीला मीठ, पापड, पाणी असली कोरडी कामं मागा, आमटीची बादली नको, ती सवय झाल्यावर. पळी पानाला टेकवायची नाही, थोडी वरून, पण इतकी वरून नाही की शिंतोडे उडतील. भाजी एकदाच, एका जागी, पसरवायची नाही. गरम आमटी वाढताना "गरम आहे हं" म्हणायचं, लहान मुलांच्या पानाशी विशेष. जेवणाऱ्याच्या डोक्यावरून काही न्यायचं नाही. चालायचं झपझप पण पळायचं नाही, फरशी ओली असते. पदार्थाचं नाव घेत चला, "मसालेभात, मसालेभात", म्हणजे लोक पानात जागा करून ठेवतात.

आणि पंक्तिप्रपंच करायचा नाही. म्हणजे आपल्या ओळखीच्याच्या पानात दोन जिलब्या आणि पलीकडच्याच्या पानात एक, साहेबांना तुपाची धार आणि ड्रायव्हरला थेंब, असं कधीही करायचं नाही. "वाढणारा ओळखीचा असला की पंगतीच्या शेवटी बसलं तरी चालतं" असं आपल्याकडं म्हणतात, ते हसत हसत म्हणतात पण वाढणाऱ्यानं ते खरं करून दाखवायचं नसतं. शेवटच्या पानापर्यंत पदार्थ पुरणार नाही असं दिसलं तर सुरुवातीपासूनच हात राखून वाढा आणि आत कळवा. शेवटी बसलेल्यांत पोरं असतात, मांडववाले असतात, वाजंत्रीवाले असतात, आणि त्यांच्या पानात काय पडलं यावरून घराची ओळख ठरते.

आता तो भाग, जो सांगितल्याशिवाय पंगतीचे नियम शिकवूच नयेत

आपल्या पंगतीचा सगळ्यात मोठा नियम सगळ्यांना सारखं हा, आणि शेकडो वर्षं तोच मोडला गेला. कोण कोणाशेजारी बसणार, कोणाला ओटीवर, कोणाला अंगणात, कोणाला वाड्याच्या बाहेर, हे जातीवरून ठरायचं. ज्यांनी लाकडं फोडली, पत्रावळी आणल्या, त्यांना पंगत उठल्यावर उरलंसुरलं. बायका तर घरच्याच असून शेवटी, बहुतेक वेळा गार झालेलं. हेही आपल्या जेवणाच्या रीतीचाच भाग होतं, आणि म्हणूनच जातीविरुद्धच्या कितीतरी लढाया ताटावर आणि पेल्यावर लढल्या गेल्या.

१८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग वगैरेंनी परमहंस सभा काढली, तिच्यात येणाऱ्याला पाव खाऊन दाखवावा लागायचा, ख्रिस्ती भट्टीतला, आणि हे सगळं गुपचूप, कारण बाहेर कळलं तर बहिष्कार. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडं, व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली, तिथं टिळक होते, रानडे होते, गोखले होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या नवऱ्यानं, सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, बहिष्कार, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्त. एका कप चहासाठी.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली होती, शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला जायचे, बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. महाराज पितात म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. रत्नागिरीत १९३१ मध्ये भागोजी कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि तिथं सावरकरांच्या पुढाकारानं सहभोजनं व्हायची. 'निर्भीड' या साप्ताहिकाचे संपादक अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले, पूजेला दलित जोडपं बसायचं आणि प्रसाद म्हणून सगळ्यांनी एका पंगतीत झुणका-भाकर खायची. मला गद्र्यांची ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण त्यांनी लोकांच्या ओळखीची पूजा, ओळखीची पंगत, ओळखीचं जेवण घेतलं आणि फक्त बसण्याची रांग बदलली. त्याआधी कितीतरी शतकं वारकऱ्यांकडं गोपाळकाला होताच, आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात होतो तो, एकमेकांच्या तोंडात घास घालायचा.

म्हणून नवीन शिकणाऱ्यानं हे करायचं. तुमच्या घरच्या कार्यात मांडववाला, स्वयंपाकाला मदत करणाऱ्या मावशी, सफाईवाले यांची पानं त्याच पंगतीत, त्याच ओळीत मांडा. बायकांची पंगत शेवटी हा प्रकार बंद करा, पहिली पंगत वाढायला पुरुषांनी उभं राहावं, काही बिघडत नाही. घरातली विधवा काकू, आत्या यांना हळदीकुंकवाच्या, विहिणींच्या पंगतीतून वगळत असतील तर तुम्ही स्वतः हात धरून आणून शेजारी बसवा. कोणी "आपल्यात असं नसतं" म्हणालं तर वाद घालत बसू नका, पान मांडा आणि वाढायला लागा. गावात एखाद्या भंडाऱ्याला अजून वेगळी रांग लावत असतील तर त्या पंगतीला बसू नका, आणि का बसत नाही ते यजमानाला नीट सांगा.

पायरी ७. उठायचं कधी

आपलं झालं म्हणून उठायचं नाही. शेजारच्या आजी अजून ताकभात कालवत असतील तर बसून राहा, गप्पा मारा, मठ्ठ्याचा घोट घ्या. फारच घाई असेल, गाडी पकडायची असेल, तर आजूबाजूच्यांना "मी उठतो, सावकाश होऊ द्या" असं सांगून मग उठा. पंगतीतलं सगळ्यात वडील माणूस उठलं की उठायचं. उठताना "अन्नदाता सुखी भव" म्हणतात, तुम्ही नुसतं हात जोडलेत तरी पोचतं. केळीचं पान किंवा पत्रावळ असेल आणि गावातली पंगत असेल तर स्वतःची पत्रावळ स्वतः उचला, इकडंतिकडं बघत बसू नका की कोणी येतंय का, आणि ती ठरलेल्या टोपलीतच टाका, प्लास्टिकचा ग्लास वेगळा, कारण पान गुरांच्या पुढं जातं.

हात धुतले की यजमानाला भेटायचंच, पण आत जाऊन आचाऱ्यालाही एखादा पदार्थ नाव घेऊन सांगा, अळूचं छान जमलं होतं, भात मोकळा होता, असं काहीतरी नेमकं, चुलीपुढं पहाटेपासून उभ्या माणसाला नुसतं "मस्त" पुरत नाही. मग विडा घ्या. आणि दुसऱ्या पंगतीसाठी जागा पुसायला, पानं मांडायला लगेच चार हात लागतात, तेव्हा विडा तोंडात टाकून बाह्या वर करा आणि विचारा, "काकू, मीठ कुठंय?"